नंबर नंतर मिळेल: क्रूझची गॅरंटी केबिन घेतानाचा माझा अनुभव

क्रूझ कंपनीच्या वेबसाइटवर एकाच प्रकारच्या खोलीचे बहुतेक वेळा दोन दर दिसतात. एका दरात जहाजाचा नकाशा उघडतो आणि आपण हव्या त्या खोलीवर बोट ठेवतो. दुसरा दर थोडा कमी असतो, पण त्यात नकाशा उघडतच नाही. खोली कंपनी ठरवणार, नंबर नंतर कळणार. याला गॅरंटी केबिन म्हणतात. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजासाठी आम्ही भुसावळहून अशाच खोल्या घेतल्या. त्या वेळी काय काय तपासावं लागलं आणि कुठे अडलं, ते सविस्तर लिहिते.

भुसावळकरांना ही पद्धत चटकन कळेल. रेल्वेच्या फर्स्ट एसीचं तिकीट कन्फर्म असतं, पण दोन बर्थचा कूपे मिळणार की चार बर्थची केबिन, हे चार्ट लागल्यावरच समजतं. गॅरंटी केबिन अगदी तशीच. यात वेटिंग नाही, आरएसी नाही. घरातल्या आबांनी विचारलंच होतं, "नंबर नही, मंग जागा शे का नही?" जागा आहे आणि पक्की आहे. पक्का असतो तो खोलीचा वर्ग: विनाखिडकीची आतली खोली, खिडकीची खोली, बाल्कनीची खोली किंवा स्वीट, म्हणजे सगळ्यात मोठी, महागडी खोली. घेतलेल्या वर्गाच्या खालची खोली कंपनी देत नाही. वरची मिळू शकते, तीही जादा पैसे न घेता, पण ते गृहीत धरून बुकिंग करू नये. डेक (मजला) कोणता, जहाजाच्या पुढच्या टोकाला की मागच्या, शेजारी लिफ्ट आहे की जिना, खोलीच्या वर काय आणि खाली काय, यातलं काहीच आपल्या हातात राहत नाही.

रॉयल कॅरेबियन या क्रूझ कंपनीच्या बुकिंगवर या वर्गांचे कोड असतात. आतल्या खोलीच्या गॅरंटीला झेडआय, खिडकीच्या खोलीला वायओ, बाल्कनीला एक्सबी आणि स्वीटला डब्ल्यूएस. एजंटकडून बुकिंग करत असाल तर कोटेशनवर हा कोड लिहून मागा. आमच्या पहिल्या कोटेशनवर फक्त 'बाल्कनी केबिन' आणि रक्कम होती. नंबर निवडता येणार की नाही, हे त्यावरून कळत नव्हतं. दोन एजंटांचे दर ताडून पाहताना हीच गोची होते. एकाने गॅरंटीचा दर दिलेला असतो आणि दुसऱ्याने निवडीचा, आणि आपल्याला वाटतं पहिला स्वस्त देतोय.

कंपनीला यात काय मिळतं, हे समजून घेतलं की पुढचे निर्णय सोपे जातात. काही जण नेमकी खोली हवी म्हणून जादा पैसे मोजतात. त्यांनी मधल्या, शांत खोल्या उचलल्या की उरलेल्या कुणाला तरी द्याव्याच लागतात. गॅरंटीवाल्यांमुळे कंपनीचे हात मोकळे राहतात. स्वस्त वर्ग भरला आणि वरच्या वर्गात जागा पडून असली, तर गॅरंटीवाल्याला वर सरकवून खालची खोली पुन्हा विकता येते. फुकट मिळणाऱ्या बढतीमागे हेच गणित असतं. म्हणूनच शाळांच्या सुट्टीत किंवा दिवाळीत जहाज भरलेलं असताना तिची आशा धरण्यात अर्थ नाही.

आता मुख्य काम, डेक प्लॅन वाचण्याचं. प्रत्येक जहाजाचा मजलावार नकाशा कंपनीच्या साइटवर असतो आणि गॅरंटी घेणाऱ्यानेच तो जास्त बारकाईने पाहायला हवा. आपल्या वर्गातली सगळ्यात चांगली खोली शोधत बसू नका. सगळ्यात वाईट खोली शोधा. ती पदरात पडली तर चालेल का, एवढाच प्रश्न घरात मांडा. चालणार असेल तर गॅरंटी घ्या, नसेल तर नंबर निवडून पैसे भरा. माझ्या मते गॅरंटीचा निर्णय दरावर नव्हे, या एका उत्तरावर व्हायला हवा.

वाईट खोली ओळखायची कशी? तुमच्या डेकबरोबर वरचा आणि खालचा डेकही समोर ठेवा. वर स्विमिंग पूल किंवा बुफे असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज छतातून येतो. खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर रात्री उशिरापर्यंत ढोलाचे ठोके जमिनीतून जाणवतात. अगदी पुढच्या टोकाच्या, खालच्या डेकवरच्या खोल्यांना बंदरात शिरताना नांगराच्या साखळीचा आणि बो थ्रस्टरचा (जहाजाचं नाक आडवं सरकवणाऱ्या पंख्याचा) आवाज ऐकू येतो, तोही पहाटे पाच-सहाला. मागच्या टोकाला, खालच्या डेकवर, इंजिनाची थरथर लागते. वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असतील ती जागा सगळ्यात शांत. नकाशावर काही पांढरे, नाव नसलेले चौकोनही दिसतात. ती बहुधा कर्मचाऱ्यांची कामाची जागा असते, तिथून ट्रॉल्या चालतात.

खिडकी किंवा बाल्कनी घेत असाल तर लाइफबोटी कोणत्या डेकसमोर टांगल्या आहेत ते पाहा. समोर बोट असलेल्या खोल्या वेगळ्या वर्गात विकल्या जातात, पण काही वर्गांच्या गॅरंटीत त्याही येतात. अटींमध्ये 'अडथळा असलेला देखावा' अशा अर्थाचे शब्द आहेत का, ते वाचा. दोन खोल्यांमधल्या दाराची खूणही नकाशावर असते. असं मधलं दार असलेल्या खोलीत शेजारच्यांचं बोलणं जास्त ऐकू येतं.

डोलण्याचं काय? जहाज मध्यावर आणि खालच्या डेकवर कमीत कमी हलतं. पुढचं आणि मागचं टोक वरखाली जास्त होतं, आणि वरच्या डेकवर दोन्ही बाजूंचं झुलणं जास्त जाणवतं. पण समुद्र कोणता, यावर बरंच अवलंबून आहे. सिंगापूरहून पेनांग किंवा फुकेतकडे जाणारा मलाक्काच्या सामुद्रधुनीचा मार्ग दोन्हीकडून जमिनीने आडोसा दिलेला आणि एरवी शांत असतो, म्हणून तिथे खोलीची जागा मला तितकी महत्त्वाची वाटली नाही. हेच बुकिंग मुंबईहून अरबी समुद्रात, पावसाळ्याच्या तोंडावर असतं आणि घरात कुणाला घाटातल्या बसमध्येही मळमळत असतं, तर मी मधल्या भागातला नंबरच घेतला असता.

दराचा हिशेब दरखोली आणि दररात्र करा. साइटवर रक्कम माणशी दिसते आणि ती एका खोलीत दोघं आहेत असं धरून असते. समजा गॅरंटी माणशी 40 डॉलरने स्वस्त आहे, म्हणजे खोलीमागे 80. तीन रात्रींच्या फेरीत रात्रीमागे सव्वीस-सत्तावीस डॉलर वाचतात, सात रात्रींत अकरा-बारा. सात रात्री झोपमोड होण्याची शक्यता असताना अकरा डॉलर वाचवणं मला पटत नाही. तीन रात्रींसाठी ते ठीक. बंदर शुल्क, कर आणि टिप यांत फरक पडत नाही, त्या रकमा दोन्ही दरांत सारख्याच असतात. तुलना करताना त्या बाजूला काढूनच करा.

काही कुटुंबांनी गॅरंटीच्या वाटेला जाऊच नये. व्हीलचेअर लागत असेल तर रुंद दाराची, खास बाथरूमची खोली नंबर घेऊनच बुक करावी लागते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना लिफ्टजवळची खोली हवी असते. मोठ्या जहाजावर टोकाच्या खोलीपासून लिफ्टपर्यंत लांबच लांब बोळ चालावा लागतो, आणि दिवसातून चार-पाच वेळा जेवणाखाण्यासाठी तो तुडवायचा असतो. मुलांना शेजारच्या खोलीत ठेवायचं असेल तरही नको. दोन-तीन कुटुंबं मिळून जात असाल, तर गॅरंटीत एक खोली सहाव्या डेकवर आणि दुसरी दहाव्यावर येऊ शकते. बुकिंग एकमेकांना जोडून घेतल्याने रात्रीच्या जेवणाचं टेबल एकत्र मिळतं, खोल्या एकत्र मिळत नाहीत. आपल्याकडे सगळे मिळून जायची रीत आहे, म्हणून हे आधीच सगळ्यांच्या कानावर घाला.

एका खोलीत तिघं-चौघं असतील तर बुकिंगच्या वेळीच सगळ्यांची नावं द्या. नंतर वाढवू म्हणाल तर अडेल. खोलीत वरचे बर्थ लागतात, आणि लाइफबोटीच्या क्षमतेनुसार जहाजाच्या प्रत्येक भागात किती माणसं राहू शकतात याला मर्यादा असते. त्यामुळे खोलीत चार बर्थ असूनही चौथा माणूस घेत नाहीत, असं होतं.

फॉर्म भरताना नावात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. बुकिंगमध्ये ते तसंच्या तसं उतरवा. पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यावर किमान सहा महिने उरलेली हवी. गॅरंटीच्या दराबरोबर पुष्कळदा परत न मिळणारी अनामत असते, म्हणून पैसे भरण्याआधी रद्द करण्याच्या अटी छापून काढा. उरलेली रक्कम साधारण 75 ते 90 दिवस आधी भरावी लागते. ती तारीख चुकली तर बुकिंग आपोआप रद्द होऊ शकतं. एजंटकडून परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं की टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, घेतला जातो. तो खर्च नव्हे, आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. त्यासाठी पावतीवर पॅन नंबर बरोबर आहे ना, ते पाहा.

यानंतर वाट पाहण्याचा काळ. खोलीचा नंबर बुकिंगनंतर लगेच पडू शकतो, शेवटच्या आठवड्यात पडू शकतो किंवा थेट बंदरावर कळू शकतो. तोपर्यंत कागदपत्रांचं काम अडत नाही. व्हिसासाठी कन्फर्मेशनवर जहाजाचं नाव, तारखा आणि बुकिंग नंबर असतो, तेवढ्यावर आमचं काम झालं. मात्र जहाज मलेशियाला जाऊन परत सिंगापूरला येतं, म्हणून सिंगापूरच्या व्हिसावर मल्टिपल एंट्री (एकाहून जास्त वेळा प्रवेश) आहे ना, हे डोळ्यांनी वाचा. रॉयल कॅरेबियनचं ऑनलाइन चेक-इन 45 दिवस आधी उघडतं. बंदरावर पोचण्याची वेळ त्यातच निवडायची असते, सकाळच्या वेळा लवकर संपतात.

याच काळात जादा पैसे देऊन वरचा वर्ग घेण्याच्या ऑफर येतात, बोली लावण्याच्याही. बोली लागली तरी जागा कंपनीच ठरवते, आणि कार्डावरून पैसे लगेच जातात. बाल्कनीतून स्वीटसाठी बोली लावायला निघालात, तर तो स्वीट कुठे पडू शकतो हे पुन्हा त्याच नकाशावर बघावं लागेल.

नंबर आला की तो वाचता येतो. सुरुवातीचा एक किंवा दोन अंक म्हणजे डेक, आणि बहुतेक जहाजांवर पुढचे आकडे नाकाकडून शेपटाकडे वाढत जातात. नापसंत पडला तरी गॅरंटीत बदलून मिळत नाही. मिळालाच तर त्या दिवसाच्या दरातला फरक भरून.

खान्देशातून मुंबई गाठताना एक रात्र हातात ठेवा. जळगाव-भुसावळहून रात्रीच्या गाड्या पहाटे सीएसएमटीला पोचतात. नंदुरबारकडच्यांना ताप्ती मार्गावरची खान्देश एक्सप्रेस मुंबईत सोडते. मुंबईहूनच सुटणारं जहाज असेल तर बॅलार्ड पिअरचं टर्मिनल सीएसएमटीहून जवळ आहे, पण उशिरा आलेल्या गाडीसाठी जहाज थांबत नाही. घरचं खाणं सोबत नेणार असाल तर नियम पाहा. रॉयल कॅरेबियनवर घरी केलेले पदार्थ चालत नाहीत, कारखान्यातून सीलबंद आलेले चालतात. इस्त्री, किटली आणि एक्स्टेंशन बोर्ड काढून घेतात.

बंदरावर जाईपर्यंत नंबर पडला नसेल तर बोर्डिंग पासवर आणि सामानाच्या टॅगवर नंबराच्या जागी जीटीवाय, म्हणजे गॅरंटीचं इंग्रजी लघुरूप, छापलेलं येतं. घाबरायचं काम नाही. सामान उतरवतानाच तिथल्या माणसाला ते दाखवा, तो यादीत नाव शोधून पेनाने नंबर लिहितो. लिहिल्याशिवाय बॅग हातातून सोडू नका, नाहीतर ती रात्री उशिरापर्यंत जहाजावर फिरत राहते. औषधं, पासपोर्ट आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत असू द्या. आत गेल्यावर आधी नंबराप्रमाणे खोली गाठा, पलंगावर बसून वर-खाली कान द्या, एसी आणि नळ चालू करून बघा. मोडतोड, गळती किंवा वास असेल तर त्याच दुपारी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जा. जहाज भरलेलं नसेल तर खोली बदलण्याची जी काही शक्यता असते ती पहिल्या संध्याकाळपर्यंतच. नुसती जागा आवडली नाही म्हणून मात्र ते बदलून देत नाहीत.