दुसरा खंड: शब्द घटले, काम वाढले

मागच्या नोंदीत दुसऱ्या खंडाची शब्दसंख्या ७१,००० दिली होती. आज ती ६२,००० आहे, तरीही काम पुढे सरकले आहे असे माझे प्रामाणिक मत आहे.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचलेल्या नाहीत त्यांच्यासाठी एवढेच सांगते की, माझ्या या त्रिखंडी डार्क फँटसीत नायिका एखाद्याला मरणाच्या दारातून परत आणते तेव्हा तिची एक आठवण कायमची जाते. पहिल्या खंडाच्या शेवटी भावाला वाचवताना तिने आईचा आवाज गमावला. दुसऱ्या खंडाच्या सातव्या प्रकरणात मात्र तीच नायिका विहिरीच्या काठावर बसून आईची अंगाई आठवून रडत होती! हा प्रसंग माझा इतका लाडका होता की तीनदा वाचूनही चूक दिसली नाही. खर्डा वाचणाऱ्या मैत्रिणीने समासात ‘कोणाचा आवाज?’ एवढेच लिहिले आणि पुढची दोन प्रकरणे कोसळली.

त्यानंतर मी आठवणींच्या जमाखर्चाची वही घातली. कोणाला वाचवले, कोणती आठवण गेली, कोणत्या प्रकरणात गेली आणि ती आठवण आणखी कोणापाशी आहे, असे चार रकाने तिच्यात आहेत. चौथा रकाना मी निव्वळ शिस्त म्हणून आखला होता, पण अकरा नोंदींपैकी आठ नोंदींत त्याच्यापुढे भावाचेच नाव आले, तेव्हा मधल्या खंडाला स्वतःचे कथानक मिळाले. तिला तिचे आयुष्य सांगणारा आता भाऊच उरला आहे, आणि तो खोटे सांगू शकतो. मागील कथासूत्र नव्या वाचकाला कसे सांगावे, ही मधल्या खंडाची नेहमीची अडचणही याच वाटेने सुटली, कारण तो तिला सांगतो तेच नवा वाचक ऐकतो, आणि पहिला खंड वाचलेल्याला त्यातला प्रत्येक बदल खटकतो.

मध्यंतरी बहीण-भावाचे धागे वेगळे ठेवून पाहिले. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या फँटसीचा मधला खंड, १९५४ साली आलेला ‘द टू टॉवर्स’, याची रचना तशी आहे, नायक फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम यांचा प्रवास सगळाच्या सगळा उत्तरार्धात येतो. अर्थात, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही मुळात एकच दीर्घ कादंबरी होती आणि ती तीन भागांत निघाली ती प्रकाशनाच्या सोयीसाठी. माझ्या खर्ड्यात ही मांडणी टिकली नाही, कारण भावाचे खोटे आणि तिचा त्यावरचा विश्वास शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय भीती निर्माणच होत नाही. प्रकरणे पुन्हा आलटून-पालटून लावली.

सर्वाधिक वेळ निवेदनाने घेतला. ‘आईचा आवाज तिला आता आठवत नव्हता’ हे वाक्य मी अनेक ठिकाणी सहज लिहून गेले होते. निवेदन तृतीयपुरुषी असले तरी ते तिच्याच दृष्टिकोनातून चालते, आणि जे समूळ गेले आहे ते गेल्याचे तिला कळणार तरी कसे? आता त्या जागी असे आहे: ‘भाऊ काहीतरी गुणगुणत होता. चाल चांगली आहे, असे तिला वाटले, आणि ती कुठे शिकलास, असे तिने विचारले.’ यात दुःखाचा शब्दही नाही. तो वाचकाने पहिल्या खंडातून आणायचा आहे.

मृत्यूंची संख्याही १४ वरून ५ वर आणली. मागच्या खंडापेक्षा जास्त रक्त सांडले म्हणजे काळोख गडद होतो, हा माझा भ्रम होता.

चौदावे प्रकरण अजून अडलेले आहे. त्यात ती भावालाच दुसऱ्यांदा वाचवते, आणि या वेळी त्याच्याविषयी तिला आलेला पहिला संशय खर्ची पडावा असे मनात आहे. तसे झाले तर तो संशय तिला तिसऱ्या खंडात नव्याने यावा लागेल, आणि त्यासाठी वहीच्या चौथ्या रकान्यात भावाखेरीज आणखी कोणाचे तरी नाव आधीच, बहुधा तिसऱ्या प्रकरणातच, पेरून ठेवावे लागेल. या आठवड्यात तिसरे प्रकरण पुन्हा उघडते आहे.