शेतकऱ्याच्या बाजूने झुकलेला काटा

जालन्याच्या मोंढ्यात आणि आसपासच्या बाजारगावांत इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय आहे. त्यासाठी वैध मापन विभागाचा परवाना घ्यावा लागतो. आडत्याचा फोन आला की त्याची तक्रार बहुधा ठरलेली असते : शेतकरी भांडतो आहे, काटा कमी दाखवतो म्हणतो, येऊन जा. २०२४ च्या नोव्हेंबरात, सोयाबीनची आवक जोरात असताना, एका आडत्यांनी मला बोलावले ते मात्र नेमके उलट कारणासाठी. त्यांच्या काट्यावर मोजून घेतलेला माल तेलगिरणीच्या भुईकाट्यावर दर खेपेला कमी भरत होता. गोदामात पडलेले सोयाबीन वाळून थोडे घटते हे सर्वांना माहीत आहे. पण ही घट रोजच्या रोज उचललेल्या मालातही येत होती.

मी पोहोचलो तेव्हा एका शेतकऱ्याच्या बावीस पोत्यांपैकी नऊ मोजून झाली होती. मापाडी आणि हमालांना थांबवून मी माझी वीस किलोची आठ वजने काट्याच्या मधोमध ठेवली. आकडा आला १६०.०००, अगदी बरोबर. घाईत असलेला माणूस येथेच वजने उचलून निघतो आणि काटा चांगला असल्याचे सांगतो. परंतु अशा प्लॅटफॉर्म काट्याच्या चारही कोपऱ्यांखाली एकेक लोडसेल, म्हणजे भार मोजणारा भाग, असतो, चौघांचा भार एकत्र होऊन समोरचा आकडा येतो, आणि मध्यभागी एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीने झाकली जाऊ शकते. म्हणून मी तीच आठ वजने एकेका कोपऱ्यावर हलवली. तीन कोपऱ्यांवर आकडा १६० च्या किंचित खाली राहिला. दाराकडच्या कोपऱ्यावर मात्र तो १६०.८०० झाला. पूर्वी कोणीतरी तेवढाच लोडसेल बदलला असावा आणि चारही लोडसेलच्या तारा जिथे एकत्र येतात त्या जंक्शन बॉक्समध्ये कोपरे न जुळवता फक्त मध्यभागी वजन ठेवून काटा लावून दिला असावा. हमाल पोती आणतात दारातून आणि टेकवतात त्याच कोपऱ्यावर, त्यामुळे क्विंटलमागे सुमारे अर्धा किलो जास्त लागत होते.

म्हणजे काटा चुकत होता, पण तो शेतकऱ्याच्या बाजूने चुकत होता. इतक्या वर्षांत असा काटा मी क्वचितच पाहिला आहे.

ज्याची पोती चालू होती तो शेतकरी माझ्या खांद्यावरून आकडे वाचत होता. त्याला सगळे समजले. तो म्हणाला, "मिस्त्री, आजवर काटा आमचं खात व्हता, तवा कुणी आलं नाही. आता दोन दाणे आमच्या पदरात पडायलेत, तर तुम्ही पाना घेऊन हजर व्हय?" मला लगेच उत्तर सुचले नाही. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यातला भाव त्याच्या बराच खाली, ४,००० च्या आसपास घुटमळत होता. क्विंटलमागे अर्धा किलो म्हणजे वीस रुपये. हे वीस रुपये त्या माणसाकडून काढून घेण्याचे काम माझ्या हाताने होणार होते. शिवाय माझे मन त्याच्याच बाजूचे होते, हेही लिहिले पाहिजे.

आम्ही चर्चमध्ये थोर आज्ञा म्हणतो. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, या शास्त्र्याच्या प्रश्नाला येशूने दिलेले उत्तर बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात आहे : परमेश्वरावर पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने, पूर्ण बुद्धीने आणि पूर्ण शक्तीने प्रीती करावी, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी. यांतली पहिली आज्ञा जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली आहे आणि दुसरी तिथल्याच लेवीयाच्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातली, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्या १९ व्या अध्यायात पुढेमागे काय आहे हे मात्र आमच्या उपदेशांतून फारसे येत नाही, आणि मला ते केवळ धंद्यामुळे पाठ आहे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा १८ व्या वचनात आहे. ३५ व्या आणि ३६ व्या वचनांत तराजू, वजने आणि मापे खरी ठेवण्याची. माझ्यासारख्याला एकाच अध्यायातली ही वचने म्हणजे जणू परवान्याच्या मागच्या पानावर छापलेल्या अटी. त्या दिवशी मात्र मला आठवले ते त्याच अध्यायातले १५ वे वचन. त्यात न्याय करताना गरिबाचा पक्ष धरू नये आणि थोराचे तोंड पाहू नये, असे दोन्ही सांगितले आहे. थोराचे तोंड पाहू नये हे समजायला सोपे आहे, आणि आचरायलाही, कारण त्यात माणसाला आपण शूर वाटतो. गरिबाचा पक्ष धरू नये हे मला कायम जड गेले आहे. शास्त्रात गरिबाची काळजी इतक्या ठिकाणी सांगितली आहे, याच अध्यायात शेताच्या कडेचे पीक त्याच्यासाठी सोडायला सांगितले आहे; मग येथेच हात आखडता का? मोंढ्यात उभे राहिल्यावर त्याचे कारण दिसते. शेताच्या कडेचे पीक धनी आपल्या खुशीने आपल्या मालातून सोडतो. काट्यातून गेलेला माल कोणी सोडलेला नसतो; तो कोणाच्या तरी नकळत जातो, आणि काटा दुरुस्त करणाराच तेव्हा तो कोणाकडे जावा हे ठरवणारा देव होऊन बसतो. परमेश्वरावर पूर्ण मनाने प्रीती करणे म्हणजे निदान त्याच्या जागी न बसणे, एवढे मला त्या क्षणी स्पष्ट झाले. मन दुभंगलेलेच होते. बुद्धी आणि शक्ती तेवढ्या पूर्ण देता येण्यासारख्या होत्या.

मी शेठजींना सांगितले की काटा उघडावा लागेल, सील तुटेल, आणि वैध मापनच्या निरीक्षक साहेबांनी पुन्हा तपासून, म्हणजे पासिंग करून, शिक्का मारेपर्यंत या काट्यावर खरेदी करता येणार नाही. ऐन गर्दीत हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "एवढी पोती होऊन जाऊ द्या, मग उघडा," असे ते म्हणाले. पण चुकीचा असल्याचे कळलेल्या काट्यावर आणखी तेरा पोती घालायला मी हो म्हणालो नाही. शेवटी शेजारच्या आडतीतून काटा उसना आणला. तो वापरण्यापूर्वी त्याचेही चारही कोपरे मी तपासले. शेतकऱ्याचा माझ्या वजनांवर विश्वास नव्हता. त्याने चपला काढल्या, स्वतः काट्यावर चढला, एका कोपऱ्यावर दोन्ही पाय जुळवून उभा राहिला, मुनीमाला आकडा मोठ्याने वाचायला लावला, मग दुसऱ्या कोपऱ्यावर गेला. चारही ठिकाणी ६१.३५० आले. तेव्हा कुठे तो खाली उतरला आणि हमालांना म्हणाला, "घ्या."

आधीच्या नऊ पोत्यांचा प्रश्न राहिला होता. मी त्यात बोलणार नव्हतो. शेठजींनीच मुनीमाला सांगितले की जी झाली ती झाली, त्यांच्या हिशेबाची पट्टी आहे त्याच वजनाने करा. शेठजी आमच्या धर्माचे नाहीत, आणि लेवीयाचे पुस्तक त्यांनी वाचले असण्याचा संभव नाही. शेतकऱ्याने पट्टी घेतली, दोनदा वाचली, आणि माझ्याकडे न पाहता निघून गेला.

जंक्शन बॉक्स उघडून कोपरे जुळवायला संध्याकाळ झाली. एक कोपरा उतरवला की समोरचा थोडा हलतो, पुन्हा आठही वजने उचलून फिरवावी लागतात, आणि पूर्ण शक्तीने या शब्दांचा अर्थ कमरेला कळतो.

आमचे घर मूळचे बेथेलचे. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ वसवलेली ती ख्रिस्ती वस्ती. दादा शेती पाहतो, आणि त्याचे अठरा क्विंटल सोयाबीन पुढच्याच आठवड्यात त्याच आडतीला जाणार होते. रात्री जेवताना मी घडलेले सांगितले तेव्हा त्याने भाकरी मोडता मोडता हिशेब केला. "तीनशे साठ रुपये," तो म्हणाला. "आठ दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं?"

आईने त्याच्या ताटात वरण वाढले आणि विचारले, "अन् त्यातला छत्तीस रुपये दशमांश रविवारी दानपात्रात टाकला असतास?"

"टाकला असता की," दादा म्हणाला, आणि त्याने ठेचा मागितला.