राकेश शर्मांचं यान कुठे ठेवलंय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दिल्लीत, तीन मूर्तीच्या आवारातल्या नेहरू तारांगणात. वरळीचं नेहरू तारांगण वेगळं, ही गल्लत मराठी माणसाकडूनच जास्त होते. मात्र दिल्लीत आहे ते शर्मा ज्यातून परत आले ते यान. गेले होते दुसऱ्याच यानातून.

३ एप्रिल १९८४ला शर्मा आणि मालिशेव्ह, स्त्रेकालोव्ह हे दोन सोव्हिएत अंतराळवीर सोयूझ टी-११ या यानातून सॅल्यूत-७ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर गेले. ११ एप्रिलला कझाकस्तानात उतरले ते टी-१०मधून. टी-१० फेब्रुवारीपासून स्थानकाला जोडलेलं होतं आणि सोयूझला अवकाशात मुदत असते. वातावरणात शिरताना कुपीची, म्हणजे यानाच्या माणसं बसतात त्या भागाची, दिशा सांभाळणारी छोटी इंजिनं हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालतात आणि ते टाकीत नुसतं पडूनही हळूहळू विघटित होतं. म्हणून थोड्या दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यांनी ताजं यान तिथे सोडायचं आणि जुनं घेऊन यायचं. अशा अदलाबदलीत आसनांतले साचेही हलवावे लागतात. ते ज्याच्या त्याच्या पाठीच्या मापाचे असतात. दुसऱ्याच्या साच्यात बसून उतरलं, तर जमिनीचा दणका थेट कण्याला बसेल.

वॉशिंग्टनच्या डलस विमानतळाजवळ ‘डिस्कव्हरी’ शटल पाहून आलेल्यांना ही कुपी किरकोळ वाटते. वाटू दे. सोयूझच्या तीन भागांपैकी दोन वातावरणात जळून जातात. उरतो हा मधला, घंटेच्या आकाराचा, जेमतेम २.२ मीटर रुंद. त्यात तिघं गुडघे पोटाशी घेऊन बसतात. अशी कोणतीही कुपी बघताना आधी बाजूचं पॅराशूटच्या कप्प्याचं तोंड शोधा. एवढ्याशा जागेतून सुमारे १,००० चौरस मीटरचं कापड बाहेर येतं! मग वाकून तळ बघा. उष्णतारोधक ढाल तिथे नसते, कारण पॅराशूट उघडल्यावर ती मुद्दाम टाकून देतात. तिच्या आड उतरतानाचा दणका कमी करणारी घन इंधनाची इंजिनं असतात आणि जमीन जेमतेम मीटरभर राहिली की ती पेटतात. ढाल तशीच राहिली, तर उंची मोजणारं यंत्रही झाकलेलं राहील आणि ही इंजिनंही.

यापुढचा प्रश्न शुभांशु शुक्लांच्या यानाचा असतो. ते स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीचं ड्रॅगन ‘ग्रेस’. १५ जुलै २०२५ला ते कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात उतरलं, पण ड्रॅगन पुन्हा पुन्हा उडवण्यासाठीच बांधलेलं आहे. त्यामुळे ते बघायला तूर्त कुठलं तिकीट काढता येणार नाही.