तळावलीचे सांत आना चर्च : आराखड्याची चौथी नोंद

गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातील तळावली गावच्या सांत आना चर्चच्या दर्शनी भागाचा १:१०० प्रमाणातील आराखडा मार्चपासून अडला होता; या महिन्यात डाव्या मनोऱ्याचे पाचही मजले कागदावर उतरले. अडण्याचे कारण माझीच चूक होती. अंगणात उभे राहून काढलेल्या छायाचित्रांवरून मी मजल्यांच्या उंची ठरवल्या होत्या. परंतु कॅमेरा वर रोखला की वरचे मजले आखूड दिसतात, हे लक्षात येईपर्यंत दोन कागद वाया गेले. आता शक्य तितके मागे जाऊन, कॅमेरा सरळ धरून छायाचित्रे घेतली आणि फितीने मोजलेल्या मुख्य दरवाजाच्या उंचीशी प्रत्येक मजला ताडून पाहिला. चिऱ्यांचे थर मोजून उंची काढण्याची नेहमीची युक्ती येथे चालत नाही, कारण जांभ्यावर चुन्याचा गिलावा आहे. जांभ्यात बारीक कोरीवकाम उतरत नाही, म्हणून गोव्यातील कारागीर नक्षी बहुधा गिलाव्यातच घडवत.

येथील पहिले चर्च १५७७ चे. सध्याच्या इमारतीचे काम मोन्सेन्योर (कॅथलिक धर्मगुरूंची मानाची पदवी) फ्रान्सिस्को दो रेगो यांनी १६८१ मध्ये सुरू केले आणि ते १६९५ मध्ये पूर्ण झाले. बाहेरून पाच मजली दिसणाऱ्या या भिंतीमागे मुख्य दालन मात्र जमिनीपासून कमानदार छतापर्यंत सलग मोकळे आहे, त्यामुळे हे मजले मला इमारतीच्या रचनेपेक्षा भिंतीच्या मांडणीचाच भाग वाटतात.

ही मांडणी जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन पंथाच्या नोसा सेन्होरा दा ग्रासा या चर्चवरून घेतली, असे मानले जाते. त्या चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा पडला, आणि आज सुमारे ४६ मीटर उंचीचा एक भग्न मनोराच उभा आहे. तो मी आधी दोनदा रेखाटला होता, पण त्याच्या शेजारची भिंत कशी असेल याचा अंदाज तळावलीत आल्यावरच बांधता आला. हा आराखडा मी हाती घेतला तो त्यासाठीच.

उजवा मनोरा आणि मधल्या भागाचा माथा बाकी आहे. जुलैच्या अखेरीस येथे तवशांचे (काकड्यांचे) फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, भरते आणि अपत्यप्राप्तीसाठी तवसे वाहणाऱ्यांची एवढी गर्दी होते की फीत लावणे अशक्यच; त्यामुळे पुढची मोजणी ऑगस्टमध्ये, पावसाने उघडीप दिल्यास.