अपू बॉक्स सेट: ठिगळं शोधायचं काम कुठवर आलंय

सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या ब्लू-रेवर मूळ निगेटिव्ह कुठे संपते आणि कॉपी कुठे सुरू होते ते मी डोळ्यांनी शोधतोय. पथेर पांचाली संपला, अपराजितो अर्ध्याच्या पुढे गेलाय आणि अपूर संसारला अजून हात लावलेला नाही, एवढं आधीच सांगून टाकतो. ज्यांना फक्त 'डिस्क कशी आहे, घेऊ का' एवढंच विचारायचंय त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. घ्या. परवडत असेल तर नक्की घ्या. मला केवढ्याला पडला ते इथे लिहीत नाही कारण घरचे वाचतात.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडं मागचं. सत्यजित राय यांचे पहिले दोन पिक्चर म्हणजे पथेर पांचाली (१९५५) आणि अपराजितो (१९५६), आणि मग १९५९ चा अपूर संसार, असे तिन्ही मिळून अमेरिकेतल्या क्रायटेरियन कंपनीने २०१५ मध्ये ब्लू-रेवर काढले. तीन डिस्क, नवीन ४के रीस्टोरेशन. आणि ह्या रीस्टोरेशनची गोष्टच अशी आहे की पिक्चर बघायच्या आधी माणूस तिच्यातच अडकतो. १९९२ मध्ये रायना मानद ऑस्कर दिलं तेव्हा ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीच्या लोकांच्या लक्षात आलं की ह्या माणसाच्या पिक्चरच्या धड प्रिंटच कुठे मिळत नाहीयेत, म्हणून मग मूळ निगेटिव्ह जतन करायला लंडनच्या हेंडरसन लॅबमध्ये गेल्या, आणि १९९३ च्या जुलैमध्ये त्याच लॅबला आग लागली. म्हणजे वाचवायला नेल्या आणि तिथेच जळल्या. नशीब एवढंच की जे काही राखेतून हाती लागलं ते कोणी फेकून दिलं नाही, डबे अकॅडमीकडे गेले आणि तिथे वीसेक वर्षं पडून राहिले.

मग हे सगळं इटलीत बोलोन्याच्या लॅबमध्ये गेलं. सेटमध्ये ह्या कामावरचे छोटे व्हिडिओ आहेत ते आधी बघा. भाजलेल्या पापडासारखी वाकडी झालेली फिल्म, कडेची भोकं वितळलेली, चिकटपट्ट्या आणि मेण आत घुसलेलं. ते हाताने काढायचं, भोकं एकेक करून परत बांधायची, फिल्ममध्ये ओल आणून ती जरा मऊ करायची म्हणजे स्कॅनरवर चढेल. जवळपास हजार तास नुसतं हे हातकाम. एवढं करून पथेर पांचालीचा ४० टक्के भाग आणि अपराजितोचा ६० टक्क्यांहून जास्त भाग थेट मूळ निगेटिव्हवरून घेता आला. अपूर संसारची दोनच रिळं उरली होती आणि तीही वापरण्यासारखी नव्हती, त्यामुळे तो पूर्ण पिक्चर फाइन-ग्रेन मास्टर आणि ड्यूप निगेटिव्हवरून (मूळ निगेटिव्हच्या पुढच्या कॉप्या, खाली सांगतो) केलाय. पहिल्या दोघांमधल्या गाळलेल्या जागाही तशाच भरल्यात, हार्वर्ड, बीएफआय (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) वगैरे ठिकाणच्या कॉप्यांमधून.

तर माझा उद्योग हा की ती ठिगळं डोळ्यांनी शोधायची. कुठे मूळ निगेटिव्ह संपते आणि कुठे ड्यूप सुरू होते. कशासाठी असं बायकोने विचारलं, मला पटकन उत्तर देता आलं नाही, इथल्या लोकांना देण्याची गरज नाही असं धरून चालतो.

हार्डवेअरचं आधी, कारण निम्मे मेसेज त्याबद्दलच येतात. ब्लू-रेला जगाचे भाग पाडून कुलूप घातलेलं असतं, ही डिस्क रीजन ए आहे आणि आपण रीजन सी, म्हणजे इथे दुकानात घेतलेल्या साध्या ब्लू-रे प्लेअरवर ती चालत नाही, स्क्रीनवर मख्खपणे मेसेज येतो आणि विषय संपतो. दोनच रस्ते, एकतर रीजन-फ्री प्लेअर नाहीतर पीसीला जोडायचा बाहेरचा ब्लू-रे ड्राइव्ह. मी दुसरा धरला कारण मला फ्रेम थांबवून मोठी करून बघायची होती. डीव्हीडीत रीजनचं कुलूप ड्राइव्हमध्येच असतं आणि पाचच वेळा बदलता येतं, ब्लू-रेला ते प्लेअरच्या सॉफ्टवेअरमध्ये असतं, त्यामुळे पीसीवर थोडी खटपट केली की जमतं. ड्राइव्हसोबत आलेली केबल भिकार होती, डिस्क मध्येच गुरगुरून थांबायची आणि मला वाटायचं लेझर गेला. शेवटी तपकीर गल्लीतून दोन तोंडांची यूएसबी केबल आणली, करंट पुरेसा मिळायला लागला आणि गुरगुर बंद. पार्सल कस्टम्समध्ये किती दिवस बसलं, डबा कोपऱ्यात कसा चेपला होता त्याबद्दल मागे पुरेसं बोंबललोय, आता नाही.

टीव्हीवर बघणाऱ्यांनी एकच करा, मोशन स्मूदिंग, नॉइज रिडक्शन, शार्पनेस सगळं शून्यावर आणा. ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे बारीक दाणे, हीच माहिती आहे, टीव्ही ती धुऊन टाकतो आणि मग अपूची आई सर्वबजया मेणाच्या पुतळ्यासारखी दिसते. आणि चौकोनी चित्राच्या बाजूला काळे पट्टे येणारच, फ्रेम १.३७ ची आहे, ती ताणून पूर्ण स्क्रीन भरणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आता पद्धत. कॅमेऱ्यातून निघाली ती मूळ निगेटिव्ह, तिच्यावरून फाइन-ग्रेन पॉझिटिव्ह, तिच्यावरून ड्यूप निगेटिव्ह. प्रत्येक पिढीला वरून नवीन ग्रेन चढतो, सावलीतला तपशील मिटत जातो, पांढरं जास्त पांढरं होतं, आणि चित्र अगदी किंचित डुलायला लागतं. रीस्टोरेशनवाल्यांनी हे सगळं एकमेकांशी जुळवून घेतलंय आणि फार कमाल जुळवलंय, म्हणून चेहऱ्यांवर काही सापडत नाही, चेहऱ्यात आपला जीव गुंततो. सापडायचं असेल तर रिकाम्या जागा बघायच्या. आभाळ, भिंत, पाणी. मी पिक्चर आवाज बंद करून बघतो, शंका आली की थांबवतो, एक्सेलमध्ये वेळ टाकतो आणि समोर एक, दोन किंवा तीन प्रश्नचिन्हं. ३५ एमएमचं हजार फुटी रीळ अकरा मिनिटांचं असतं, तर शंका रिळाच्या तोंडाशी किंवा शेपटाशी जास्त येतात का हे बघायचा विचार होता, कारण गुंडाळलेल्या फिल्मला आग बाहेरून आत लागणार. थोडाफार तसा पॅटर्न दिसतोय पण मला हवा आहे म्हणूनही दिसत असेल.

मिठाईवाल्याचा तो शॉट सगळ्यांना आठवत असेल. चिनीबास कावड घेऊन पुढे, मागे अपूची बहीण दुर्गा, मागे अपू, मागे कुत्रा, आणि हे सगळं तळ्याच्या पाण्यात उलटं चालताना दिसतं. ह्या एका शॉटवर मी अख्खी संध्याकाळ घालवली. पाण्याचा सपाट राखाडी रंग म्हणजे ग्रेन बघायला आयती पाटी, आणि त्यावर सावल्या हलतात तेव्हा कडा किती तुटतात ते कळतं. माझ्या जुन्या डीव्हीडीवर ह्याच जागी नुसता काळा लगदा होता, चौघं आहेत एवढं समजायचं. इथे कावडीची दोरी दिसते, भांड्यांचं हलणं दिसतं. ओरिजिनल की ड्यूप? मी दोन प्रश्नचिन्हं टाकून पुढे गेलो.

मग पुण्याच्या एफटीआयआय ह्या फिल्म संस्थेत एडिटिंग शिकलेल्या एका मित्राला शीट दाखवली आणि त्याने माझ्या निम्म्या नोंदींवर पाणी ओतलं. म्हणाला, "अरे, ह्यातले किती डिझॉल्व्हच्या आसपास आहेत बघितलंस का?" मुद्दा असा की त्या काळी डिझॉल्व्ह (एक दृश्य विरत दुसरं उमटतं ते) बहुतेक करून ऑप्टिकल प्रिंटरवर करायचे, म्हणजे तेवढा तुकडा मूळ निगेटिव्हमध्येही ड्यूपचाच चिकटवलेला असतो. क्वालिटी घसरली म्हणून आग लागलेली असते असं नाही, ती १९५५ लाच घसरलेली असू शकते. त्यामुळे आता शीटला एक जास्तीचा कॉलम झालाय, जवळपास डिझॉल्व्ह किंवा फेड आहे का, आणि पथेर पांचालीतल्या तीन प्रश्नचिन्हवाल्या बऱ्याच नोंदी तिथेच गळाल्या.

ह्या सगळ्यात एक गंमत झाली ती सांगायलाच हवी. पिक्चरला मुळातच इतकी ठिगळं आहेत की आगीची कुठली आणि घरची कुठली हे कळेनासं होतं. शूटिंग १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये काशाच्या फुलांपासून सुरू झालं, पुढच्या रविवारी परत गेले तर गुरांनी सगळी फुलं खाऊन टाकलेली, झालं, पुढच्या मोसमापर्यंत थांबा. मध्ये पैसे संपले, रायंची विम्याची पॉलिसी गेली, त्यांच्या बायकोचे दागिने गहाण, शेवटी बंगाल सरकारने पैसे दिले. एवढ्या वेळात अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा वाढली नाही आणि म्हातारी इंदिर ठाकरून गेली नाही हे राय स्वतःच चमत्कार म्हणून सांगायचे. पण चिनीबासचं काम करणारा माणूस मात्र मध्येच गेला. मग तशाच अंगाचा दुसरा शोधला आणि तो पाठमोरा दाखवला, बांबूच्या बनातून येतो तो एक आणि दारातून आत जातो तो दुसरा.

आणि भुलो कुत्रा. सर्वबजया अपूला भात भरवतेय, त्याचं लक्ष धनुष्यबाणात, तो उठून पळतो, ती उरलेला भात टाकते आणि भुलो येऊन खातो. भात भरवण्यापर्यंत शूटिंग झालं, उजेड गेला आणि पैसेही गेले, सहाएक महिन्यांनी परत आले तर भुलो मेलेला. गावातूनच तसलाच दुसरा कुत्रा शोधला आणि राहिलेला शॉट घेतला. हे वाचून माहीत होतं, तरी मी ती जागा चारशे टक्के मोठी करून मागेपुढे केली, शेपटी बघितली, कान बघितले. मला तिथे काहीही सापडलं नाही. ग्रेनचा जोड सापडतो आणि सहा महिन्यांचा जोड सापडत नाही! दुलाल दत्तांच्या एडिटिंगला इथे हात जोडले.

आवाजाबद्दल फार लिहीत नाही, साधा मोनो आहे, अनकम्प्रेस्ड, स्वच्छ. एवढंच की अपूचा बाप हरिहर परत येतो, साडी काढून दाखवतो आणि सर्वबजया फुटते तेव्हा तिचं रडणं ऐकूच येत नाही, त्या जागी तारशहनाई (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) किंचाळते. ते चेक करायला म्हणून एकदा आवाज मोठा ठेवला होता. दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजारचे काका, दर वर्षी सवाईला पहिल्या दिवसापासून बसणारे, म्हणाले, "काय रे, काल पटदीप कोणाचा लावला होतास?" पिक्चरचं आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला, संगीत रविशंकरांचं म्हटल्यावर परत उजळला. आता त्यांना सीन दाखवायचा वायदा झालाय.

अपराजितो जरा सोपा जातोय आणि जरा अवघडही. सोपा कारण मूळ निगेटिव्ह जास्त आहे, सलग मोठे भाग एकाच पोताचे वाटतात. अवघड कारण काशीच्या घरातलं अंगण. ते खरं घर नाही, कला दिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्तांनी कलकत्त्यात स्टुडिओत उभं केलेला सेट आहे. वरून आभाळाचा मऊ उजेड यायला पाहिजे म्हणून कॅमेरामन सुब्रत मित्रांनी वर पांढरं कापड ताणलं आणि खालून दिवे त्याच्यावर मारून उजेड परतवला. आज ह्याला बाउन्स लाइट म्हणून सगळे वापरतात, तेव्हा असं फारसं कोणी करत नव्हतं. पथेर पांचालीला सुरुवात केली तेव्हा मित्रा २१ वर्षांचे होते आणि त्याआधी त्यांनी मूव्ही कॅमेरा चालवला नव्हता, हे डोक्यात ठेवून ते अंगण बघा. सावल्याच नाहीत! आणि सावल्या नाहीत म्हणजे माझं मुख्य हत्यारच गेलं, कारण ड्यूप पकडायला मी काळोखातला तपशील बघतो. तिथे भिंतीचा पोपडा आणि कपड्यांच्या घड्या, एवढ्यावरच काम चाललंय.

हरिहर जातो आणि कबुतरांचा थवा उडतो तिथे मात्र मी शीट बंद करून पिक्चर बघत बसलो. तेवढा भाग परत करावा लागेल.

एक्स्ट्राजमध्ये बरंच आहे, १९५८ मधलं खुद्द रायंचं रेकॉर्डिंग, शर्मिला टागोर आणि सौमित्र चटर्जी यांच्या मुलाखती, १९६७ ची जेम्स बेव्हरिजची अर्ध्या तासाची डॉक्युमेंटरी. मला सगळ्यात आवडली ती सौमेंदू रॉय यांची, कारण ते तेव्हा कॅमेरा असिस्टंट होते आणि असिस्टंट लोकांना कष्ट बरोब्बर आठवतात. बाकीचं चवीने नंतर.

परवा लॉ कॉलेज रोडवर फिल्म अर्काइव्हच्या समोरून जाताना मित्राशी वाद झाला. त्याचं म्हणणं, हे सगळं डिजिटल कौतुक ठीक आहे पण ३५ एमएम प्रिंट पडद्यावर बघितल्याशिवाय पोताबद्दल बोलू नये. एफटीआयआयचे सतीश बहादूर सर पथेर पांचाली शॉट शॉट सोडवून शिकवायचे ते प्रिंटवर, मान्य. पण प्रिंट म्हणजे निदान आणखी एक पिढी खाली, शिवाय प्रत्येक शोला ओरखडे. मूळ निगेटिव्हमधला जो तपशील ह्या डिस्कवर आहे तो थिएटरात प्रिंट बघताना कोणालाच दिसलेला नाही. त्याने 'हं' केलं, म्हणजे पटलेलं नाही. २००३ मध्ये इथेच प्रभातच्या आवारात आग लागून नायट्रेटची (जुन्या, पटकन पेटणाऱ्या फिल्मची) रिळं गेली त्यावर मग दोघंही बराच वेळ बोलत राहिलो, ते वेगळं लिहीन.

पुढचं असं: गणपतीत काम बंद, आमच्या गल्लीत ढोलपथकाची प्रॅक्टिस सुरू झाली की सबटायटल वाचायलाही लक्ष लागत नाही. त्यानंतर अपराजितो पूर्ण करायचा. अपूर संसारमध्ये मूळ निगेटिव्ह अजिबातच नाही, म्हणून तो कंट्रोल, म्हणजे माझ्या डोळ्यांची पडताळणी, म्हणून वापरायचाय, तिथे मला 'ओरिजिनल' वाटणाऱ्या जागा किती निघतात त्यावरून माझे डोळे किती भरवशाचे ते कळेल. शीट हवी असेल त्यांनी मागा, पाठवतो, फक्त पीसी मॉनिटरवर बघूनच भरा. प्रोजेक्टरवरून भरलेल्या नोंदी मी घेणार नाही, भिंतीचा रंगसुद्धा ग्रेनमध्ये मोजला जातो.