ओरखडा कुठला, लू रीड कुठला

आमच्याकडे डिजिटल करायला येतात त्या रेकॉर्डी बहुतेक नाट्यसंगीताच्या. त्यात एकदा अमेरिकन रॉक गायक लू रीडचा 'मेटल मशीन म्युझिक' आला. १९७५ चा डबल एलपी. गाणं नाही, ताल नाही, चारही बाजूंवर गिटार आणि अँपचा फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज परत गिटारमध्ये शिरून उठणारा गोंगाट. ग्राहक पक्का रॉकवाला. म्हणाला, "जरा साफ करून द्या, खरखर फार आहे."

काढायची तर आधी खरखर ओळखायला हवी. टिकटिक आपोआप काढणारा नेहमीचा डीक्लिक फिल्टर इथे कामाचा नाही. अचानक उसळलेलं टोक दिसलं की तो कापतो, आणि फीडबॅकमध्ये टोकंच टोकं. लावून बघितला, तर वरची सगळी किणकिण गेली, उरलं ते बोथट.

मग जुनी युक्ती. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने तबकडीची एक फेरी १.८ सेकंदांत होते. आडव्या ओरखड्याची टिक बरोबर तेवढ्याच अंतराने येते. फीडबॅक असा घड्याळ लावून वाजत नाही. रेकॉर्ड कॉम्प्युटरवर उतरवली, वेव्हफॉर्मवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, दर १.८ सेकंदांनी खुणा टाकल्या. खुणांशी जुळणारं टोक म्हणजे ओरखडा. तेवढेच एक-दोन मिलिसेकंद हाताने दुरुस्त करायचे. कंटाळवाणं काम, पण चोख.

चौथ्या बाजूच्या शेवटी हे गणितच कोसळलं. तिथली खाच बंद आहे, सुई उचलेपर्यंत त्याच वर्तुळात फिरते. म्हणजे संगीतही दर १.८ सेकंदांनीच परत येतं! (स्वयंचलित टर्नटेबल इथे पोचताच हात उचलतं, मॅन्युअलच हवं.) शेवटी भिंगाने ओरखडा शोधला, त्याच्या रेषेत लेबलवर चिकटपट्टीची खूण केली, मोटर बंद करून प्लॅटर (तबकडीखालची थाळी) हाताने हळू फिरवला. खूण सुईच्या रेषेत येताना वाजलेली टिक तबकडीची, बाकी सगळं लू रीडचं. सुई त्याच खाचेत फार वेळ ठेवली तर विनाइल झिजतं, म्हणून एकच फेरी दुरुस्त करून शंभरदा जोडली. तीन मिनिटं झाली.

देताना ऐकायचं कसं तेही सांगितलं. आवाज रॉकपेक्षा कमी ठेवा, कारण मध्ये शांत जागा नाही, कानाला उसंत मिळत नाही. ताल शोधू नका. फीडबॅकमध्ये स्पीकरच्या आवाजाने गिटारची तार थरथरते, तारेखालचा पिकअप तो थरथराट परत अँपला देतो. गिटार थोडी हलली तरी सूर बदलतो. सोलोच्या शेवटी रॉकवाल्यांना हे आवडतंच, इथे तेवढंच आहे, सोलो नाही. आधी डावी बाजू एकटी ऐका, मग उजवी. दोन्हीकडे वेगळंच चाललेलं असतं.

हेडफोन काढून तो म्हणाला, "उजवीकडे एक टिक राहिलीय हो."

खुणा लावून दाखवल्या. जुळत नव्हती.