उभ्या गाडीतला बोल्ट

सकाळी शटर वर केलं, दिवे लावले आणि बग्गीखाली काहीतरी चमकताना दिसलं. वाकून उचललं तर बोल्टचं डोकं. एम१० च्या, म्हणजे १० मिलिमीटर जाडीच्या, अ‍ॅलन बोल्टचं, वर ताकदीचा आकडा १२.९ स्वच्छ कोरलेला. आटे नाहीत, दांडा नाही, नुसतं डोकं. आदल्या संध्याकाळी हेच डोकं पुढची चाकं वळवणाऱ्या स्टिअरिंग रॅकच्या क्लॅम्पवर बसलेलं मी स्वतः पाहिलं होतं. रात्रभर गाडी स्टँडवर उभी होती. कुणी हात लावलेला नव्हता. इंजिनसुद्धा अजून एकदाही सुरू झालं नव्हतं.

चिखलात आणि दगडधोंड्यांत चालवायची ही बग्गी आम्ही तीन महिने बांधत होतो. नळ्यांची चौकट आमची, सस्पेन्शनचे आर्म आमचे, इंजिन आणि गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीतून काढलेला. दुपारी मालक गाडी न्यायला येणार होते. पहिली चक्कर ते स्वतः मारणार आणि शेजारी त्यांची मुलगी बसणार, असं आधीच ठरलं होतं.

रॅकचे चारही बोल्ट आमच्याकडे शिकणाऱ्या पोरानं बसवले होते. तो आला, माझ्या हातातलं डोकं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "दादा, माझ्याकडून जास्त आवळला गेला का हो?" खरं सांगायचं तर माझ्याही मनात पहिल्यांदा तेच आलं होतं. पान्याला पाइप घालून ओढला असेल, असं मी जवळजवळ बोलून गेलो होतो. तोंड उघडायच्या आधी डोकं पालथं केलं आणि तुटलेली बाजू भिंगाखाली धरली, तेवढ्यानं त्या पोरावर होणारा अन्याय टळला.

तुटलेला बोल्ट बोलतो, फक्त बघावं लागतं. जास्त आवळून तुटलेला बोल्ट आधी ताणला जातो. तुटण्याच्या जागी तो बारीक होतो, आट्यांमधलं अंतर वाढतं, कडा ओढल्यासारख्या दिसतात. थकून तुटलेल्याची खूण वेगळी. एका बाजूनं तडा सुरू होतो आणि रोज थोडा थोडा सरकतो. त्या सरकण्याच्या रेघा ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा उमटतात, आणि शेवटी जो थोडासा भाग एकदम तुटला तो खरखरीत असतो. माझ्या हातातल्या डोक्यावर यातलं काहीच नव्हतं. डोकं आणि दांडा जिथे मिळतात त्या गोलाईतच सरळ तुकडा पडला होता. ताण नाही, वाक नाही. पृष्ठभाग खडीसाखर फोडल्यावर आतून दिसते तसा, दाणेदार आणि चकचकीत.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की चूक पोराची नाही, माझी आहे.

१२.९ चे बोल्ट बहुतेक काळे मिळतात. ते तेलकट असतात आणि पाण्याचिखलात लवकर गंजतात. मालकांना सगळं चमकदार हवं होतं. म्हणून मी ब्रॅकेट, पट्ट्या, क्लॅम्प या सगळ्यांसोबत एक पिशवीभर काळे अ‍ॅलन बोल्टही झिंक प्लेटिंगला देऊन टाकले होते. प्लेटिंगवाल्याला ते कुठल्या ग्रेडचे आहेत हे मी सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. पोलाद प्लेटिंगच्या आधी आम्लात धुतात आणि मग विजेच्या प्रवाहानं झिंक चढवतात. या दोन्ही टप्प्यांत हायड्रोजन तयार होतो आणि त्यातला थोडा पोलादाच्या आत शिरतो. मऊ पोलादाला त्याचं फारसं काही वाटत नाही. ८.८ चा बोल्ट बिनधास्त प्लेट करा. पण पोलाद जितकं कडक, तितका हा हायड्रोजन घातक. कडकपणाच्या रॉकवेल सी मोजपट्टीवर ३९ च्या वर गेलं की धोका खरा, आणि १२.९ चा बोल्ट सुरूच तिथून होतो. बोल्ट आवळला की जिथे ताण सर्वात जास्त तिथे हायड्रोजन सरकत जमा होतो, आणि काही तासांनी किंवा एकदोन दिवसांनी, काही न होता, डोकं उडतं. यावर उपाय आहे. प्लेटिंग होताच काही तासांच्या आत बोल्ट भट्टीत घालून साधारण १९० ते २२० अंश सेल्सिअसला बराच वेळ तापवायचे. पण ते करून घ्यायचं तर आधी सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं.

बोल्ट विकत घेताना आकडा बघतो, पण आकडा काय सांगतो ते बघत नाही, ही खोड मला होती आणि अनेक गाडीबांधणाऱ्यांना आहे. ८.८ मधला पहिला आठ म्हणजे ८०० मेगापास्कल (ताणाचं माप) ताणाला तुटेल, आणि टिंबानंतरचा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० ला, तो कायमचा ताणला जायला लागेल. १०.९ म्हणजे १००० आणि ९००. १२.९ म्हणजे १२०० आणि १०८०. एवढं बघून "मोठा आकडा तो चांगला" असं मनात बसतं. मोठ्या आकड्याबरोबर कडकपणा येतो, ठिसूळपणा जवळ येतो, गंज आणि प्लेटिंग दोन्ही त्याला जास्त बाधतात, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. रॅकला १२.९ ची गरजच नव्हती. १०.९ भरपूर होता.

त्या पिशवीत अजून आठ बोल्ट शिल्लक होते. एक जाड पोलादी पट्टी घेतली, आठ भोकं पाडली, आठही बोल्ट रॅकवर आवळले होते तेवढ्याच टॉर्कनं, म्हणजे पिळाच्या जोरानं, आवळले आणि वर लोखंडी पेटी पालथी घातली, कारण उडालेलं डोकं डोळ्यात जायला वेळ लागत नाही. मग मालकांना फोन केला आणि गाडी आज मिळणार नाही असं सांगितलं. कारणही सांगितलं, माझी चूकही सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाकीचे बोल्ट तरी तपासा आता सगळे."

तेच करायला घेतलं. पोरगा खाली, मी वर, एकेक बोल्ट.

पहिली गोष्ट सापडली सीटबेल्टला. सीटबेल्ट चौकटीला जिथे जोडतात तिथे जगभर बहुतेक ठिकाणी ७/१६ इंची, इंचाला २० आट्यांचा बोल्ट लागतो. एका जागी तोच होता, पण डोक्यावर काहीच खूण नाही. ना आकडा, ना रेघा, ना बनवणाऱ्याचं चिन्ह. इंची बोल्टवर ग्रेड ५ ला तीन रेघा आणि ग्रेड ८ ला सहा रेघा असतात. बिनखुणेचा बोल्ट म्हणजे तो काय आहे हे कुणीच सांगायला तयार नाही. तो बहुधा जुन्या डब्यातून आला असावा. माणूस ज्याच्या भरवशावर बांधलेला असतो त्या जागी असा बोल्ट बघून माझ्या पोटात खड्डा पडला. आणि ज्यावर रेघा आहेत तोही खराच असेल असं नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत ग्रेड ८ च्या सहा रेघा कोरलेले पण हलक्या बोरॉन पोलादाचे बोल्ट बाजारात इतके पसरले की १९९० मध्ये तिथे फास्टनरच्या, म्हणजे नट-बोल्टांच्या, दर्जासाठी वेगळा कायदा करावा लागला. म्हणून खुणेइतकंच ती पिशवी कुठून आली हेही महत्त्वाचं, आणि बनवणाऱ्याचं चिन्ह डोक्यावर असणं महत्त्वाचं.

पोरगा दुसरा बोल्ट आणायला डब्याकडे गेला आणि जुना शेजारी धरून डोळ्यांनी जुळवू लागला. मी थांबवलं. १० जून १९९० ला एका प्रवासी विमानाची पुढची काच उड्डाणानंतर काही मिनिटांत निखळली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. तो वाचला. काच उड्डाणाच्या साधारण २७ तास आधीच बदललेली होती आणि बसवणाऱ्यानं बोल्ट जुन्याशी डोळ्यांनी जुळवून घेतले होते. ९० पैकी ८४ बोल्ट जाडीला ०.०२६ इंचानं, म्हणजे पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी फरकानं, बारीक होते. एवढा फरक डोळ्याला दिसत नाही. बारीक मापं घेणाऱ्या वर्निअरला दिसतो. आट्यांमधलं अंतर मोजणारा पिच गेज लावा, वर्निअर लावा, मग घाला. ५/१६ इंची बोल्ट आणि एम८ हातात धरले तर जुळे भाऊ वाटतात, पण एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेऱ्या जाऊन आटे खातो.

मागच्या खालच्या आर्मला तर बोल्ट १०.९ चा, खूण बरोबर, बनवणारा माहितीचा, तरीही चुकीचा. तो डोक्यापर्यंत आट्यांचा होता. आर्म चौकटीच्या ज्या दोन कानांमध्ये, म्हणजे भोक पाडलेल्या पट्ट्यांमध्ये, फिरतो, त्या कानांमध्ये बोल्टचा गुळगुळीत दांडा बसायला हवा. तिथे आटे आले की बोल्ट बारीक जागी कातरला जातो आणि त्याआधी ते आटे कानसीसारखे भोक मोठं करत राहतात. कानातून बोल्ट काढला तर भोकाच्या कडेला चमकदार पूड आणि आट्यांच्या बारीक रेघा उमटलेल्या. गाडी फक्त हातानं वरखाली हलवली होती, तेवढ्यात. दांड्याची लांबी मोजून नवा बोल्ट घेतला. आटे कानाच्या बाहेर, वॉशरच्या आत सुरू होतात आणि नटाबाहेर दोन आटे दिसतात असा.

ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या ब्रॅकेटला स्टेनलेसचे बोल्ट होते, ए२-७०. मालकांनीच आणून दिलेले, चमकदार. ते ४५० मेगापास्कलला ताणायला लागतात, ८.८ चे ६४० ला. ते काढले. एक्झॉस्टच्या जवळ आत नायलॉनची कडी असलेला नट होता, तिथे पूर्ण धातूचा लॉकनट घातला, कारण नायलॉन १२० अंशाच्या पुढे धरत नाही. स्प्रिंग वॉशर होते तेही काढून टाकले. १९६९ मध्ये युंकर नावाच्या जर्मन अभियंत्यानं आडव्या हादऱ्यांनी बोल्ट कसा सुटतो हे यंत्रावर दाखवून दिलं, आणि अशा चाचणीत स्प्रिंग वॉशर टिकत नाही. बोल्टला धरून ठेवतो तो त्याचा स्वतःचा ताण. पान्यावर लावलेल्या जोरातला साधारण दहावा हिस्साच त्या ताणात जातो, बाकी सगळा डोक्याखाली आणि आट्यांत घासण्यात संपतो. म्हणून आटे कोरडे की तेलकट यावर सगळं अवलंबून, आणि तेल लावलेल्या बोल्टला कोरड्याचा टॉर्क लावणं म्हणजे तो नकळत ताणणं.

रात्री आठपर्यंत दोघं काम करत होतो. पोरगा एकदाही कंटाळला नाही. जाताना म्हणाला, "दादा, पेटी उघडून बघू का?" मी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी पेटी उचलली. आठांपैकी तीन डोकी पट्टीवर सुटी पडली होती आणि चौथ्याच्या गोलाईत केसासारखी रेघ होती. ते चारही बोल्ट मी प्लेटिंगवाल्याकडे घेऊन गेलो. भांडायला नाही, दाखवायला. त्यानं ते बराच वेळ हातात फिरवले आणि त्या दिवसापासून तो माल घेताना ग्रेड विचारतो.

रॅकला १०.९ चे बोल्ट घातले, झिंकच्या पापुद्र्याचा लेप दिलेले. हा लेप विजेशिवाय चढतो, आणि आम्लात न धुता साफ केलेल्या मालावर दिला की हायड्रोजनचा प्रश्न येत नाही. नट १० क्लासचे, कडक वॉशर. प्रत्येक बोल्टवर आणि शेजारच्या पट्टीवर पिवळ्या रंगाची एक सलग रेघ ओढली, म्हणजे बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. मालकांना सांगितलं, पहिल्या १०० किलोमीटरनंतर गाडी घेऊन या.

ते आले तेव्हा मुलगी सोबत होती, हेल्मेट काखेत, बुटांवर चिखल वाळलेला. पोरानं टॉर्च घेतला आणि गाडीखाली सरकला. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "दादा, सगळ्या रेघा सरळ आहेत."